घर केवढे असावे?

जितके सूक्ष्म तितके श्रेष्ठ, अशी एक समजूत या यंत्रयुगात रूढ झाली आहे. सिल्वासा परिसरातील वारली चित्रकार बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची रेघ ओढतो, तेव्हा काडीचे टोक किती बारीक हवे, हे काढावयाची आकृती ठरवते. क्ष-किरण टिपणाऱ्या अर्धवाहक शोधकांनाही हाच न्याय लागू पडतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा भारतीय उपग्रह अवकाशात गेला. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा शोधक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झाला. पुण्याची 'आयुका' त्यात सहभागी होती. श्रोत्यांनी बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणावा. या शोधकात असे ६४ पट असून प्रत्येकावर २५६ घरे आहेत. या घरालाच पिक्सेल म्हणतात. घराची बाजू सुमारे २.५ मिलिमीटर, तर स्फटिकाची जाडी ५ मिलिमीटर.

किरण स्फटिकात शिरला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या जागी धनप्रभारित पोकळ्या उरतात. इलेक्ट्रॉन चपळ, पोकळ्या मंद, वाटेतच अडकणाऱ्या. घर मोठे असेल तर त्यांची ही तूट मोजमापात उतरते आणि किरणाची ऊर्जा कमी भासते. जाडीच्या मानाने घर लहान असेल, तर संकेत मुख्यतः घराजवळ पोहोचणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासूनच उमटतो. ऊर्जेचे माप अचूक होते, प्रतिमाही रेखीव होते.

मग घर आणखी लहान का करू नये? कारण प्रभाराचा पुंजका शिवेवर पडला की दोन घरांत वाटला जातो, आणि दोन्हीकडचा हिशेब अपुरा राहतो. शिवाय घरे वाढली की प्रत्येकाचे परिपथ वाढतात, वीज अधिक लागते. उपग्रहावर वीज मोजकीच असते.

या मध्यम मापाने एक अनपेक्षित फळही दिले. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपुढचा किरण एका घरात आदळून शेजारच्या घरात विखुरतो. त्याच्या विखुरण्याच्या दिशांवरून ध्रुवीकरण मोजता येते. घर फार मोठे असते, तर दोन्ही आघात एकाच घरात लोपले असते. फार लहान असते, तर वाटलेला प्रभार आणि खरे विखुरणे यांची गल्लत वाढली असती. वृषभ राशीतील क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण या उपकरणाने अशाच जोडनोंदींतून मोजले, आणि तो निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला.

उपग्रह उडाल्यावर घराचे माप बदलता येत नाही. म्हणून काय पाहावयाचे, हे आधी ठरवावे लागते. घर केवढे असावे, हे त्यानंतर.