पेन्शनच्या पैशांत परदेश
(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' हा विषय दिला. बँकेत जन्म गेला, तेव्हा हा विषय माझ्याच वाट्याला येणार. पण ठेव कशी ठेवावी, नॉमिनीचे नाव का लावावे, हे मी तुम्हांला इतकी वर्षे जिन्यात गाठून सांगत आलो आहे. आज थोडे ठेव मोडण्याबद्दल बोलतो. २०१९ च्या नोव्हेंबरात मी आणि माझा एक मित्र नेपाळला जाऊन आलो. त्या प्रवासाच्या हिशेबावरूनच बोलतो.

आपल्या गावाचा परदेशाशी संबंध तसा जुना आहे. अडगावची लढाई आणि गाविलगड जिंकून इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने दौलतराव शिंद्यांशी तह केला, तो ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह. म्हणजे सातासमुद्रापलीकडचे लोक आपल्या दारापर्यंत येऊन गेले. आपण मात्र परदेश म्हटले की "काही लाख लागतील बाप्पा" म्हणून मोकळे होतो.

माझा मित्र जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त शिक्षक. आपल्याच सोसायटीत राहतो, आत्ता समोर पहिल्या रांगेत बसला आहे. नाव घेऊ नको, असे त्याने बजावले आहे. त्याचा मुलगा त्याला मोठ्या टूरबरोबर पाठवायला तयार होता. हा म्हणाला, "पोराच्या पैशानं गेलो त रोज फोटो धाडा लागन. आपल्या पेन्शनीत जेवढं होते, तेवढंच पाहू." माझ्या सौभाग्यवतींना डोंगरातली बस सोसत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, मलेही तेवढीच सुट्टी."

नेपाळच का? तर १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून आपल्याला तिकडे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र चालते. आम्ही गेलो त्या वर्षापासून ६५ वर्षांवरील भारतीयांना आधार कार्डही चालू लागले होते. दुसरे कारण पैशाचे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दर रोज वरखाली होत नाही, त्यामुळे घरी बसून हिशेब मांडता येतो.

त्या वेळी शंभरच्या वरची भारतीय नोट नेपाळात चालत नव्हती. म्हणून शंभराच्या नोटांची दोन बंडले घेतली, दहा-दहा हजारांची, आणि दोन्ही एकाच कापडी पिशवीत ठेवली. पिशवी माझ्याकडे, वही मित्राकडे. खर्च मी करायचा, लिहायचे त्याने, आणि रात्री दोघांनी मिळून ताळा जुळवायचा. "चहाचे तू दिले, रिक्षाचे मी देतो" ही भानगड पहिल्या दिवशीच संपली. मैत्रीत पैशाचे भांडण बहुधा मोठ्या रकमेवरून होत नाही, अशाच पाच-दहा रुपयांवरून होते.

इथून एस.टी.ने अकोला. ६५ च्या वरचे म्हणून दोघांचेही अर्धे तिकीट. पुढे भुसावळ, आणि भुसावळहून गोरखपूरची गाडी. तेव्हा रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के सवलत होती. मार्च २०२० पासून ती बंद झाली. गोरखपूरहून सुनौलीची सीमा, तिथली कमान पायी ओलांडली की झाला परदेश! घड्याळ फक्त १५ मिनिटे पुढे करायचे. पुढे कळले की तिकडे तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारी असायची आणि रविवारी बँका उघड्या असायच्या. माझ्यासारख्याला हे पाहूनच परदेशात आल्यासारखे वाटले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिकडे भाव विचारला की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी? खोलीचे ८०० सांगितले तर एनसीत ते आपले ५०० होतात. हा प्रश्न विसरला तो दीडपटीहून जास्त मोजून आला म्हणून समजा.

पहिला मुक्काम लुंबिनीला, भगवान बुद्धांच्या जन्मस्थानी. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्यावरच्या लेखात म्हटले आहे की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, त्याने पूजा केली आणि लुंबिनी गावाचा 'बली' हा कर माफ करून पिकातला हिस्सा आठवा केला. मायादेवी मंदिरात आमच्या शेजारी श्रीलंकेचे, थायलंडचे भाविक डोळे मिटून बसले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. मित्र मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, "राजा आला, दर्शन घेतलं अन् कास्तकाराचा सारा कमी करून गेला. याले म्हंतेत दौरा!" आपल्या कास्तकारांच्या मुलखात ही गोष्ट कोणालाही लगेच पटावी.

तिथून पोखरा. दिवसभर घाटाची बस. दोन वेळ डाळ-भात-तरकारी. भात-डाळ संपली की पुन्हा वाढत. भाकरीची आठवण आली की घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी काढायची. पहाटे सारंगकोटला गेलो. शेवटच्या पायऱ्या मित्र काठी टेकत, थांबत-थांबत चढला. माछापुच्छ्रेच्या ६,९९३ मीटर उंच टोकावर पहिले ऊन पडले, मग शेजारी अन्नपूर्णेची रांग उजळली. हा माणूस एरवी गप्प बसत नाही, पण त्या दिवशी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तीस वर्स पोराईले हिमालय शिकोला बे, नकाशावर तपकिरी रंग दाखवू दाखवू. आज पायला."

काठमांडूला पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभूनाथ झाले. एप्रिल २०१५ च्या भूकंपाच्या खुणा तेव्हाही जागोजागी होत्या. जवळच्या भक्तपूरला १७०२ साली बांधलेले न्यातपोल हे पाच छपरांचे मंदिर आहे. १९३४ चा भूकंप त्याने सोसला आणि २०१५ चाही. तिथल्या नेवार लोकांत 'गुठी' नावाची पद्धत आहे. वाडवडिलांनी जमीन लावून दिलेली असते, तिच्या उत्पन्नातून मंदिर, उत्सव आणि धर्मशाळा सगळ्यांनी मिळून सांभाळायच्या. आम्ही जाण्याच्या काही महिने आधीच, जून २०१९ मध्ये, सरकारने गुठीबाबत विधेयक आणले, तर हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. आपल्या वार्षिक सभेला गणपूर्ती व्हायची मारामार, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता हिशेब. अकरा दिवस, घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत, माणशी १५,६०० रुपये. तेच पैसे सहा टक्क्यांनी सहा वर्षे ठेवले असते तर आज साधारण २२ हजार झाले असते. म्हणजे साडेसहा हजारांचे व्याज बुडाले! पण दुसरी बाजूही मांडा. आज मित्राचे दोन्ही गुडघे त्याला जिना चढू देत नाहीत. गेल्या वर्षी त्याने दुसऱ्या मजल्यावरचे घर तळमजल्यावरच्या घराशी बदलून घेतले. आता २२ हजार काय, २२ लाख दिले तरी सारंगकोटच्या पायऱ्या त्याला मिळायच्या नाहीत. ठेवीला मुदतवाढ मिळते, गुडघ्यांना मिळत नाही.

बँकेत मयत खातेदारांचे दावे मी बरेच हाताळले. आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन ठेवलेली रक्कम वारस घेऊन जात. त्यातल्या कित्येकांना ती ठेव आहे हे आधी ठाऊकही नसायचे. दहा वर्षे कोणी विचारलेच नाही, तर असा पैसा रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातो. आजारपणाची तजवीज जरूर ठेवा, मुलांवर भार पडू देऊ नका. पण त्यातले थोडे स्वतःच्या नावाने खर्चही करा.

तरुण ज्येष्ठांना, म्हणजे साठी-पासष्टीच्या मंडळींना, एवढेच सांगतो. आधी सोबती ठरवा, मग देश. घोरण्याची सवय, चालण्याचा वेग आणि खर्चाचा हात जुळतो का ते पाहा. औषधे दोन पिशव्यांत वाटून ठेवा. रोज एकच मोठे ठिकाण बघा, दुपारी आडवे व्हा. दिवसातला तासभर एकमेकांपासून वेगळे फिरा, मैत्री टिकते. महिला मंडळानेही मनावर घ्यावे. पुरुषांपेक्षा काटकसर तुम्हांला जास्त जमते.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. तेव्हा चाळिशीत असलेले आज पासष्टीत आहेत. ज्यांचे गुडघे अजून चालतात, त्यांनी या हिवाळ्यात जोडीदार शोधावा. हिशेबाची वही माझ्याकडून घेऊन जावी, मित्राने ती अजून जपून ठेवली आहे.