विचारलं तेवढं, पण खरं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'कायदा आणि तरुण पिढी' असा विषय दिला आहे. विषय एवढा मोठा, की पूर्ण मांडायला गेलो तर संध्याकाळचं भरीत थंड होईल. म्हणून त्यातला एक लहान तुकडा घेतो. जळगाव आणि धुळे इथल्या न्यायालयांत वकिली करताना अलीकडे एक नवा प्रश्न माझ्याकडे येऊ लागला आहे. विमान शिकणारा मुलगा दारूच्या एखाद्या किरकोळ प्रकरणात सापडला, तर ते विमान खात्याला सांगावं लागतं का?

आपण शाळेत होतो तेव्हा खानदेशात हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. विमानाचा आवाज आला की वर्ग सोडून मैदानात धावणारी आपली पिढी! आज धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. याच क्लबात जे. आर. डी. टाटा उड्डाण शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. शिरपूरला अकादमी आहे. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर आपलं जळगाव होतं. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या घरातला झाला आहे. या सभागृहातही दोघा-तिघांची मुलं विमान शिकत आहेत, हे मला माहीत आहे.

आधी वयाचा हिशेब पाहा. शिकाऊ वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षी मिळू शकतो आणि व्यावसायिक परवाना १८ व्या वर्षी. महाराष्ट्रात बिअरसाठी मात्र २१ पूर्ण लागतात आणि कडक दारूसाठी २५. म्हणजे आपला मुलगा एकट्याने विमान आकाशात नेऊ शकतो, पण ढाब्यावर मित्रांबरोबर ग्लास उचलला तर तो कायदा मोडतो. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे आणि पिण्यासाठी परमिट लागतं. हे कितीजणांना ठाऊक आहे, ते मी हात वर करायला लावून विचारत नाही. (हशा)

आता एक प्रकरण सांगतो. नाव, गाव, संस्था काही सांगणार नाही. केळीच्या पट्ट्यातलं शेतकरी कुटुंब. मुलाच्या प्रशिक्षणासाठी जमीन गहाण ठेवलेली. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि तासाचा दर ऐकला की शेतकऱ्याला घाम फुटतो. मुलगा रात्री मोटारसायकलवरून येताना नाकाबंदीत सापडला. रक्तातली मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. हा तिच्या थोडा वर निघाला. अपघात नाही, कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील माझ्याकडे आले. त्यांना आपण आप्पा म्हणू. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, हाई मिटी जाई ना?"

'मिटणं' हा शब्द आपल्याकडे फार लाडका आहे. बांधाचं भांडण मिटतं, सोयरिकीतला रुसवा मिटतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. तो न्यायालयात जातो. पहिल्या वेळेस ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पोरं काय करतात? पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि मित्रांना सांगतात, "सुटलो रे!" सुटलास कुठे, बाबा? कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. कागदावर ती शिक्षाच असते. पुढे एखाद्या फॉर्मवर 'आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय' असा प्रश्न आला, की त्याचं उत्तर 'होय' असतं. म्हणून कबुली देण्याआधी वकिलाला विचारा. हे मी धंद्यासाठी सांगत नाही. (हशा)

मग कळवायचं का? अमेरिकेत याचं उत्तर स्पष्ट आहे, आणि आपल्याकडची बरीच मुलं तिकडे शिकायला जातात म्हणून ते सांगतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली किंवा त्यावरून गाडीचा परवाना निलंबित झाला, तर ६० दिवसांच्या आत तिथल्या विमान प्रशासनाला लेखी कळवावं लागतं. हा नियम १९९० पासूनचा आहे आणि शिकाऊ वैमानिकालाही लागू आहे. वय कमी असताना हातात बिअरची बाटली सापडली, गाडीचा संबंध नव्हता, तर ते या ६० दिवसांच्या नियमात बसत नाही. पण वैद्यकीय अर्जात इतर शिक्षांचा प्रश्न असतो आणि तिथे ते येऊ शकतं. म्हणजे एकच घटना एका कागदावर सांगायची नसते, तर दुसऱ्यावर सांगायची असते. प्रश्न नीट वाचणं हीच निम्मी वकिली.

आपल्या १९३७ च्या विमान नियमांत असं ६० दिवसांचं कलम नाही. आपले नियम मुख्यतः उड्डाणाभोवतीची दारू पाहतात. उड्डाणापूर्वी १२ तास थेंब घ्यायचा नाही, श्वास तपासणीत शून्यच आलं पाहिजे. २०२३ पासून तर अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही मनाई आहे. पहिल्यांदा दोषी आढळला तर परवाना ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. यात ज्येष्ठता पाहत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअर इंडियाच्या उड्डाण विभागाच्या संचालकांचाच परवाना ३ वर्षांसाठी निलंबित झाला होता.

पण त्याच १९३७ च्या नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. दारूचं सततचं व्यसन असलेल्या माणसाला परवान्यासाठी अपात्र ठरवता येतं. आणि माहिती दडवून किंवा खोटी देऊन परवाना मिळवणाऱ्यालाही अपात्र ठरवता येतं. आता आप्पांच्या मुलाकडे पाहा. एका रात्रीने तो व्यसनी ठरत नाही. पण एका खोट्या सहीने तो दुसऱ्या गटात जाऊन बसतो.

आणि सह्या तर पावलोपावली असतात. वैद्यकीय तपासणीचा अर्ज, पासपोर्ट, विमानतळाच्या प्रवेशपत्रासाठी पोलीस पडताळणी, पुढे विमान कंपनीतली नोकरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात नोकरीच्या संदर्भात या विषयाची घडी नीट बसवली. दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. जे नेमकं विचारलं आहे तेवढंच सांगणं बंधनकारक आहे. आणि तरुण वयातली किरकोळ चूक असेल, तर ती दडवली गेली तरीही मालक ती पोटात घालू शकतो. पण 'शकतो' म्हणजे त्याची मर्जी. खरं सांगितल्यावरही विचार करण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच.

हे सगळं ऐकून आप्पा म्हणाले, "म्हणजे खरं बोलणाऱ्याचंच नुकसान. ज्याने लपवलं तो उडतोय." या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. लपवून उडणारे असतील. पण त्यांची प्रत्येक नवी पडताळणी म्हणजे नवी धास्ती. आणि ही गोष्ट उघडी पडते ती नेमकी नोकरी लागताना, म्हणजे कर्ज सगळ्यात मोठं असताना.

मुलाने शेवटी स्वतःच ठरवलं. खटल्यात दंड झाला. पुढच्या फॉर्मात प्रश्न होता, तिथे त्याने 'होय' लिहिलं आणि निकालाची प्रत जोडली. जिथे प्रश्न नव्हता, तिथे काही लिहिलं नाही. प्रवेशपत्र दीड महिना अडकलं. त्या दीड महिन्यात आप्पा माझ्याशी धड बोलले नाहीत. मग ते आलं. प्रत्येकाचं असंच होईल अशी हमी मी देत नाही. कुठलाही प्रामाणिक वकील देणार नाही.

शेवटी एकच सांगतो, आणि ते कायद्याच्या पुस्तकातलं नाही. शिकाऊ मुलगा उतरताना विमान जोरात आपटतो. कुणी पाहिलेलं नसतं. त्याने जाऊन सांगितलं तर चाकांची तपासणी होते. नाही सांगितलं तर पुढचा मुलगा तेच विमान घेऊन वर जातो. घरात आपण त्याला 'गप्प बस, मिटवून टाकू' हे शिकवलं, तर धावपट्टीवर तो वेगळं वागेल अशी आशा कशी धरायची?

म्हणून आईबापांना विनंती. मुलगा किंवा मुलगी असं काही घेऊन घरी आली, तर आधी ओरडा, तो तुमचा हक्कच आहे. मग जेवायला वाढा. आणि कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद माझ्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या वकिलाकडे आणा. आपल्या शाळेच्या मुलांकडून मी फी घेत नाही, हे या स्मरणिकेत छापलं तरी चालेल.