फुकट दवाखान्याचा हिशेब



भावावर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर बोलणार आहोत.

शासन म्हणते, सोयी आहेत, लोकच येत नाहीत. सपाट भागात ५,००० वस्तीला एक उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत झाले. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. मग म्हातारी माणसे जात का नाहीत? ती अडाणी आहेत म्हणून, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ती हिशेबी आहेत.

तो हिशेब मांडून पाहा. दवाखान्याची वेळ सकाळची, शेताचीही तीच. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे धरलेले, एसटीची पायरी एकट्याने चढवत नाही. सोबत मुलगा नाहीतर सून हवी, म्हणजे एक रोज बुडाला. एसटी वाडीवर येत नाही; फाट्यापर्यंत रिक्षाचे पैसे वेगळे. एवढे करून गोळ्या थोड्याच दिवसांच्या मिळाल्या, की पुन्हा तीच खेप. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी तर रोजची. बियाण्याची ओढाताण असली की म्हातारी म्हणते, "मला काय धाड भरलीय?" आणि गोळी बंद होते. मग एके दिवशी अर्धांग होते आणि घर कर्जात जाते.

२०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. रोजच्या गोळीला ते कार्ड चालत नाही. धरण भरलेले आणि टेलचे शेत कोरडे, तशातली ही गत.

वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ सालापासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी, ही त्यातलीच तरतूद. आमची मागणी साधी आहे. तो दिवस आठवडी बाजाराचा ठेवा, म्हणजे वेगळी खेप पडणार नाही. गोळ्या महिन्याच्या एकदम द्या. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी उपकेंद्राची माणसे घरी पाठवा.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. तोवर आपापल्या घरात आजच विचारा: आईची, आजीची गोळी चालू आहे की संपली?