मोटार बंद करायला कोण जातं?

मागे उभं राहून शिट्ट्या मारणाऱ्या माझ्या वारसदारांनो,

मला ‘पाणी, वीज, शेती आणि पर्यावरण’ असा भारदस्त विषय दिलाय. मी लोणखेड्याच्या याच शाळेतला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला दांडी मारायची आणि दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या सरांना पोटदुखी सांगायची, हा आमचा नेम. सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, पोट आता बरं आहे! तेव्हा गोमाई नदीच्या वाळूत हातभर उकरलं की झिऱ्याला पाणी लागायचं, वाटीवाटीने हंडा भरायचा.

असो, विषय. तापीवर सारंगखेड्याला नि प्रकाशाला बॅरेज झाले, पाणी अडलं. पण नदी खाली, शेत वर. उपसा योजनांचे पंप वर्षानुवर्षं बंद राहिले, अन् भरल्या नदीकाठी आपण बोअर खोल नेत बसलो. तिकडे साक्री तालुक्यात बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या मागे उभं राहून कुऱ्हाडबंदी केली, सुमारे 445 हेक्टर जंगल राखलं. विहिरींना पाणी आलं, भात पिकला. 2004 पासून तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. उरलेलं सर वर्गात शिकवतील.

मला एकच बोलायचंय. शेतातली लाइट पाळीने येते, बऱ्याचदा रात्री. साप-बिबट्याच्या भीतीने कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटो. लाइट आली की मोटार सुरू, ऊस भिजून पाणी बांध फोडून रस्त्यावर. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत बिलही माफ, मग घाई कोणाला? सौर पंप तर ऊन आहे तोवर चालूच. पोरांनो, मोबाइल शंभर टक्के झाला की पिन काढता ना? मग मोटार बंद करा! रात्री जाऊ नका. दिवसा बांधावर बसा, एक सरी भिजायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, तेवढाच टायमर लावा. पोरींनो, तुम्हीसुद्धा. मोटार बंद करा!

सरपंच भाऊ समोर आहेत म्हणून विचारतो, गावात पाऊस किती पडला नि आपण उपसलं किती, हा ताळेबंद ग्रामसभेत कधी वाचला? हसू नका भाऊ. उत्तर जेवताना द्या, आधी पोरींचा नाच होऊ दे. केव्हाच्या नटून उभ्या आहेत.