जुन्या मोटारीचें दार

सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवरावांच्या वाड्याचें भव्य प्रवेशद्वार पुष्कळ श्रोत्यांनीं पाहिलें असेल. जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून लोक तेथें भक्तीनें जातात. परंतु दरवाजाकडे सुताराच्या नजरेनें पाहणारा विरळा. जुन्या घराचें दार उन्हाळ्यांत नीट लागतें आणि श्रावणांत लागत नाहीं, हा अनुभव वऱ्हाडांत कोणास नाहीं? कडी कोयंड्यांत बसेनाशी झाली म्हणजे घरचीं माणसें कडीला दोष देतात, लोहाराकडून ती ठोकून आणतात, आणि चार महिन्यांनीं पुनः तीच तक्रार करतात. जाणता सुतार कडीला हातहि लावीत नाहीं. तो दाराची मोकळी कड धरून तें किंचित् उचलून पाहतो. दार वर उचललें गेलें, कीं बिजागरी झिजली आहे हें त्यास तेथेंच कळतें.

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या दारांची गोष्ट अगदी हीच आहे. शर्यतीच्या धर्तीच्या या बुटक्या, उघड्या गाड्या हौशी लोक आज मोठ्या ममतेनें जतन करितात. १९४५ ते १९४९ या काळांत विलायतेंत तयार झालेली एम. जी. टी. सी. ही गाडी घ्या. तिचा पत्रा पोलादी; पण त्याच्या आंत ॲश नांवाच्या लांकडाचा सांगाडा असतो. म्हणजे तीहि एका अर्थी सुतारकामच! बुलढाण्याकडच्या वैशाखांत असें लांकूड सुकतें, पावसाळ्यांत फुगतें, आणि दरसाल थोडथोडें करून स्क्रूची पकड ढिली होते. मग दार आपल्याच वजनानें खालीं झुकतें, खटक्याची जीभ चौकटीवरच्या कोयंड्याच्या खालीं आदळूं लागते, आणि मालक म्हणतो कीं कुलूप बिघडलें. त्यांतच कोणी उतावळा मिस्त्री जीभ कानशीनें घांसून लहान करितो. दार त्या दिवशीं लागतें खरें. पण आतां तें केसभर आधारावर लागलेलें असतें.

या गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस आहेत, हें येथें ध्यानांत घ्यावें. गाडी धांवत असतां खटका सुटला, तर समोरचा वारा फटींत शिरून दार एका झटक्यांत उघडून टाकील. शेजारीं मूल बसलें असल्यास काय होईल, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. जॅग्वार एक्स. के. १२० किंवा एम. जी. ए. यांच्या उघड्या गाड्यांस तर बाहेरून मूठच नसते. हात आंत घालून दोरी ओढावी लागते. तेथें सारी मदार एकट्या खटक्यावर.

अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठानें १९५० नंतर मोटार-अपघातांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हां असें आढळून आलें कीं, दार उघडून बाहेर फेंकला जाणारा मनुष्य आंत राहणाऱ्यापेक्षां अधिक वेळां प्राणास मुकतो. जुन्या खटक्याची जीभ दार फक्त एकाच दिशेनें अडवी. धडकेंत सांगाडा लांबीकडे ताणला गेला कीं ती कोयंड्यांतून अलगद निसटे. पुढें दोन्ही भाग परस्परांत अडकणारे खटके निघाले, आणि फोर्ड कंपनीनें १९५६ सालच्या गाड्यांत ते आवर्जून बसविले. त्यापूर्वींच्या बहुतेक गाड्यांत असा खटका नाहीं, आणि पट्टाहि नाहीं.

याची दुसरी बाजू बुलढाणा जिल्ह्यानें फार दारुण रीतीनें पाहिली आहे. १ जुलै २०२३ च्या रात्रीं समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली व पंचवीस माणसें दगावलीं. बस दाराच्याच अंगावर पडली होती. जे वांचले त्यांतील कांहीं कांच फोडून बाहेर आले. तेथें खटक्याचा दोष नव्हता. तथापि दार अवेळीं उघडूं नये, तितकेंच तें वेळीं उघडलेंहि पाहिजे, हें त्या रात्रीनंतर निराळें सांगावयास नको. म्हणून आंतून उघडणारी दोरी व तिचा खिळा दुरुस्तींत शेवटीं नव्हे, आधीं पहावा. सुतळी बांधून वेळ मारून नेण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं दिसते, ती वाईट.

बाकीची दुरुस्ती धीराची आहे, अवघड नाहीं. प्रथम बिजागरीची खीळ बदलावी. स्क्रूचें भोंक सैल झालें असेल तर अधिक जाड स्क्रू ठोकूं नये. टणक लांकडाची खुंटी सरसानें बसवून तींत नवें भोंक पाडावें. लांकूडच कुजलें असल्यास तेवढा तुकडा कापून नवा जोडण्यावांचून गत्यंतर नाहीं. कोयंड्याची पट्टी हलविण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढून ठेवावी. नाहींतर मूळची जागा हरवते, आणि मग सारी दुपार अंदाजांत जाते. खटका काढून रॉकेलांत धुवावा. जुन्या वंगणांत काळ्या मातीची धूळ मिसळली कीं त्याचें वंगण राहत नाहीं, सहाणच होते. धुतल्यावर स्प्रिंग लेंचीपेंची वाटली तर नवी घालावी, आणि फिरत्या भागांस वंगणाचें नुसतें बोट लावावें.

किल्लीच्या कुलपांत मात्र तेल घालूं नये. आंत पितळेच्या बारीक पट्ट्या लहानशा स्प्रिंगांवर उभ्या असतात; तेलावर धूळ बसून त्या चिकटतात. तेथें ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. किल्ली झिजलेली असेल तर तिच्यावरून दुसरी कापून घेण्यांत अर्थ नाहीं, कारण नकलेंत मूळची झीजहि उतरते. पुष्कळ कुलपांवर क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून कापून घ्यावी.

सर्व जुळल्यावर दार ताबडतोब लावून पाहण्याचा मोह होतो. तो आंवरावा. दार उघडेंच ठेवून खटक्याची जीभ स्क्रूड्रायव्हरनें आंत दाबावी, मग मूठ किंवा दोरी ओढून ती सुटते व पूर्ववत् बाहेर येते कीं नाहीं तें पांच-दहा वेळां पहावें. बंद दारामागें अडकलेला खटका काढावयाचा म्हणजे अस्तर फाडावें लागतें. त्यानंतर दार हळूच लोटावें. खटका बसतांना तें वर उचललें जातां कामा नये, खालींहि दबतां कामा नये.