आधी आकडा लिहून घ्या

मी आमच्या प्रभागसंघाची लेखापाल. आज संगणकावर दिसणाऱ्या एका आकड्याबद्दल बोलते.

आमच्या कार्यालयात दोन खोल्यांत दोन संगणक आहेत. कर्जाच्या हप्त्यांची फाईल माझ्या संगणकात असते. दुसऱ्या खोलीतल्या ताई तीच फाईल तारेच्या जोडणीवरून उघडतात. गेल्या मार्चअखेरीला त्यांच्याकडे इंग्रजीत काहीतरी सूचना आली आणि फाईल उघडेना. हिशेब उडाला असं वाटून घाबरून त्यांनी नवी फाईल केली. आठवडाभर त्या नवीत हप्ते भरत होत्या, मी जुनीत. महिनाअखेरीला मेळ बसेना. बैठकीत सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या. ताई रडल्या.

पैसा एक रुपयाही गेला नव्हता. तार निसटली होती, एवढंच. सूचनेखाली आकडा होता, तो कुणी वाचलाच नाही.

विंडोजच्या संगणकात असा आकडा बहुतेकदा ०एक्स८००७ ने सुरू होतो. त्यापुढे दोन शून्यं असतील, तर तुम्ही शेवटचे दोन अंक बघा.

३५ असेल, तर दुसऱ्या संगणकापर्यंतची वाट सापडत नाही. तो बंद आहे का, तार निसटली का, वाय-फाय गेलं का, ते पाहा.

०५ असेल, तर वाट सापडली, पण आत जायची परवानगी नाही. ज्यांच्याकडे तो अधिकार आहे त्यांना सांगा. दुसरीचा पासवर्ड वापरू नका.

०२ असेल, तर त्या नावाची फाईल त्या जागी नाही. कुणी नाव बदललं का, दुसरीकडे हलवली का, विचारा.

७० असेल, तर साठवायची जागा भरली. फोटो, व्हिडिओ दुसरीकडे हलवा. हिशेबाला हात लावू नका.

बघा, हिशेब कायमचा गेला असं यातला एकही आकडा म्हणत नाही.

म्हणून सूचना आली की लगेच बंद करू नका. मोबाईलवर फोटो काढा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्या दादांना ‘चालत नाही’ म्हणण्याऐवजी तो आकडा सांगा. तोवर हप्ते कागदी वहीत लिहा, पावती द्या. नवी फाईल मात्र करू नका.

आणि मेळ बसला नाही, तर बाईवर संशय घेण्याआधी तार तपासा. आमच्या ताईंची आम्ही भर बैठकीत माफी मागितली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.