जुना लॅपटॉप : आधी निदान, मग उपचार
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका प्राथमिक शिक्षकाने दिलेले भाषण)



शाळेतील जुन्या लॅपटॉपची गती कशी वाढवावी, हा विषय आजच्या परिषदेसाठी माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. प्रारंभीच सांगतो की, मी यंत्रविद्येचा पदवीधर नाही. आपल्यासारखाच द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता सांभाळणारा शिक्षक आहे. या बाबतीत जे थोडेबहुत शिकलो ते चुका करून शिकलो. आणि त्यांपैकी एक चूक अशी होती की, तिची भरपाई आजतागायत झालेली नाही. ती मी यथावकाश सांगणारच आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत एखादा जुना लॅपटॉप असतो. कोणी तो लोकसहभागातून मिळविलेला, कोणी बक्षिसाच्या रकमेतून घेतलेला. तो आला त्या दिवशी गावकऱ्यांनी त्यास हार घातला, नारळ फोडला. आज परिपाठाच्या आरंभी त्याची कळ दाबली तर प्रार्थना संपते, प्रतिज्ञा संपते, बोधकथाही संपते, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. मग शिक्षक आपल्या खिशातील मोबाइल काढतात. तीस मुले त्या वीतभर पडद्याभोवती दाटी करतात आणि मागच्या मुलांना पुढच्यांच्या डोक्यांखेरीज काही दिसत नाही. पुढे लॅपटॉप कपाटात जातो व यथाकाल जडसंग्रह नोंदवहीत निर्लेखनाच्या यादीवर चढतो. त्या यादीवर सही करण्यापूर्वी त्याचे निदान करावे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

आपल्या वर्गातील अनुभव आठवून पाहा. दुसरीतील एक मुलगा फळ्यावरचे काही उतरवून घेत नसे. त्यास सर्वांनी, आणि सांगावयास लाज वाटते, पण मीही, मंद ठरविले होते. आरोग्य तपासणीत कळले की, त्यास फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला व मुलगा इतरांबरोबर चालू लागला. संथपणा हे लक्षण होय. रोग निराळाच असू शकतो. लॅपटॉपचेही तसेच आहे. तो सर्वांगाने म्हातारा होत नाही. बहुधा एकाच ठिकाणी अडतो. ते ठिकाण शोधावयाचे.

यंत्राची रचना आपल्या कार्यालयाच्या उपमेने समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे काम करणारे गुरुजी, रॅम म्हणजे त्यांच्या पुढ्यातील टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे दप्तराचे कपाट. गुरुजी कितीही चपळ असले, तरी कपाटातून नोंदवही येईपर्यंत त्यांना थांबावेच लागते. आणि टेबल लहान असले, तर एक वही ठेवण्यासाठी दुसरी उचलून पुन्हा कपाटात न्यावी लागते. म्हणून विचारावयाचे प्रश्न तीन : गुरुजी थकले आहेत काय, टेबल अपुरे आहे काय, की कपाटच संथ आहे?

या प्रश्नांची उत्तरे यंत्र स्वतःच देते. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवरील भार शेकडेवारीत दिसतो. लॅपटॉप सुरू झाल्यावर आणि नेहमीचे काम, उदाहरणार्थ यू-डायसची माहिती भरणे किंवा चित्रफीत दाखविणे, चालू असताना हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. डिस्कचा आकडा शंभराजवळ खिळून असेल, तर कपाट संथ आहे. मेमरी नव्वदीच्या घरात असेल, तर टेबल अपुरे आहे. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल, तर दोन शक्यता राहतात : एक तर नको असलेले कार्यक्रम मागे चालू आहेत, अथवा गुरुजींची शक्ती खरोखरच संपली आहे. याच टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. त्यांतील अनावश्यक ते बंद करावेत. यास एक पैसाही पडत नाही आणि कित्येकदा एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

आता कपाटाविषयी. सन २०१८ च्या आसपासपर्यंत घेतलेल्या साध्या लॅपटॉपांत बहुधा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ही कल्पना फार जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आपल्या लॅपटॉपातील तबकडी लहान आहे, पण तत्त्व तेच. ती बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय सुई योग्य जागी सरकण्याचा वेळ निराळा. हा हिशेब पाचवीच्या मुलांकडूनही करून घेता येईल. त्यातून असे निघते की, ठिकठिकाणी विखुरलेली माहिती गोळा करताना ही डिस्क सेकंदास शंभर खेपाही करू शकत नाही. आणि लॅपटॉप सुरू होताना तर हजारो खेपा लागतात.

एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा भागच नाही. तीत फ्लॅश मेमरी असते; जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८० च्या दशकात ती शोधून काढली. ती सेकंदास सहस्रावधी खेपा करते. जुन्या लॅपटॉपात अडीच इंची साटा पद्धतीची एसएसडी हार्ड डिस्कच्याच खणात बसते. शालेय कामास २४० किंवा २५६ जीबीची पुरते. ज्या लॅपटॉपचा डिस्कचा आकडा शंभरावर खिळतो, त्यास याहून गुणकारी औषध नाही. आमच्या शाळेचा लॅपटॉप सुरू होण्यास पूर्वी पाच मिनिटांहून अधिक वेळ घेई. राष्ट्रगीतास जेवढा वेळ लागतो, म्हणजे सुमारे ५२ सेकंद, त्याहून कमी वेळात आता तो कामास सिद्ध होतो.

रॅमच्या बाबतीत ४ जीबी असेल तर ती ८ जीबी करावी. टास्क मॅनेजरच्या मेमरी भागात किती खाचा आहेत व किती वापरात आहेत, हे लिहिलेले असते. मात्र डीडीआर३ व डीडीआर४ हे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्यांची खाच निराळ्या ठिकाणी असते, बळ केल्यास पट्टी अथवा खाच मोडते. डीडीआर३ मध्येही १.५ व १.३५ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत आणि काही यंत्रांना कमी व्होल्टचाच प्रकार चालतो. म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊन दुकानात जावे व तिच्यावरील अक्षरे जुळवूनच नवी घ्यावी. काही यंत्रांत रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, तेथे हा उपाय नाही. तसेच ३२ बिटची विंडोज घातलेली असेल, तर तीस ४ जीबीच्या वरील रॅम वापरता येत नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

याखेरीज एक रोग आपल्या व्यवसायाचाच आहे, तो म्हणजे खडूची भुकटी. ती आणि अंगणातली माती पंख्यात साचते, आतली उष्णता बाहेर जात नाही आणि यंत्र स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती कमी करते. मऊ कुंचल्याने व हवेच्या फुग्याने ही धूळ काढावी. फुंकताना पंखा काडीने धरून ठेवावा, म्हणजे तो भलत्या वेगाने फिरणार नाही. लॅपटॉपची तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. तारीख चुकीची असली की शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत आणि आपण उगाच नेटवर्कला दोष देतो. मोठी बॅटरी फुगून कळफलक वर उचलला गेला असेल, तर मात्र तो लॅपटॉप तत्काळ बंद करावा व जाणत्याकडे न्यावा. ती टोचू वा दाबू नये.

आता ती चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या चौथीच्या मुलांनी घरोघरी जाऊन आपल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या व लॅपटॉपात ध्वनिमुद्रित केल्या. चाळीसच्या वर ओव्या होत्या. पुढे लॅपटॉप संथ झाला म्हणून मी तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीस दिला. दुकानदाराने मला स्पष्ट विचारले, “गुरुजी, नक्कल घेतली आहे ना?” मी “घेतली” म्हणालो. माझ्या समजुतीप्रमाणे सर्व काही पेनड्राइव्हवर होते. त्याने डिस्क पुसून नवी विंडोज घातली. घरी येऊन पाहतो तो पेनड्राइव्हवर केवळ निकालपत्रके! मी पुन्हा त्या घरी गेलो. काही आज्यांनी हसत पुन्हा गाऊन दाखविले. दोन घरी मात्र गाणारी आजी राहिली नव्हती. त्यांपैकी एका घरी नात म्हणाली, “गुरुजी, आजीचा आवाज तुमच्याकडे आहे ना?” त्या प्रश्नास मी काय उत्तर दिले, ते येथे सांगवत नाही.

दोष दुकानदाराचा नव्हता. म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे की, स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी नक्कल घ्यावी. एक नव्हे, दोन, आणि त्या दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. नक्कल घेतल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. छायाचित्रे, ध्वनिफिती, जुने दाखले, पासवर्ड यांची यादी करून एकेक नाव तपासावे. श्रीलिपी वा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेले मजकूर असतील, तर ते टंकही सोबत घ्यावेत. अन्यथा दाखल्याच्या जागी नुसती अर्थहीन अक्षरे दिसतील. नवी एसएसडी बसविली म्हणून नक्कल अनावश्यक होत नाही. फिरती डिस्क पुष्कळदा कुरकुर करून आगाऊ सूचना देते; एसएसडी एखाद्या दिवशी मुकाट्याने बंद पडते. जुनी डिस्क मात्र लगेच पुसू नये. वर्षभर तशीच जपून ठेवावी.

प्रत्यक्ष काम फारसे अवघड नाही. चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी, सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी. अंगातील स्थिर वीज जावी म्हणून एखाद्या धातूच्या वस्तूस स्पर्श करावा. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू निघाल्या जागेवरच ठेवावा. कारण आखूड स्क्रूच्या जागी लांब बसविला तर मदरबोर्ड कायमचा जायबंदी होतो. रॅमची पट्टी तिरपी घालून खाली दाबावी, दोन्ही बाजूंच्या पकडी आवाज करून बसतात. हात कापत असेल तर जाणत्याकडून करून घ्यावे, परंतु शेजारी उभे राहून पाहावे.

शेवटचा विचार विंडोजचा. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० व नवा प्रोसेसर पुष्कळशा जुन्या लॅपटॉपांत नाही. सुरक्षेची डागडुजी थांबलेल्या यंत्रावर मुलांची माहिती भरणे योग्य नव्हे. अशा वेळी लिनक्स मिंट किंवा लुबंटू यांसारखी मोफत प्रणाली घालता येते. तीत मराठी युनिकोड टंकलेखन होते, चित्रफिती चालतात, ब्राउझरमधील कामे होतात. फक्त आपला प्रिंटर तीवर चालतो की नाही, हे पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून आधी पाहावे. त्यासाठी ती डिस्कवर घालावी लागत नाही.

निदानाअंती कधी उत्तर नकाराचे येते, तेही स्वीकारावे. मदरबोर्ड गेला असेल, अथवा सर्व कार्यक्रम बंद करूनही प्रोसेसर शंभरावरच राहत असेल, तर त्यावर शाळेचा पैसा घालू नये. असे यंत्र भंगारवाल्यास न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावे आणि तत्पूर्वी त्यातील डिस्क काढून घ्यावी.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने कपाटातील लॅपटॉपचे तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून आणावेत, एवढी माझी सूचना आहे. कोणत्या यंत्रास काय लागते, ते आपण एकत्र बसून ठरवू व दरपत्रकेही एकत्रच मागवू. मात्र चिठ्ठीच्या शेवटी “नक्कल दोन ठिकाणी घेतली व उघडून पाहिली” हे वाक्य असावे आणि त्याखाली आपली सही असावी. मी त्या दुकानात ते वाक्य खरे करून घेतले असते, तर त्या नातीस आज तिच्या आजीची ओवी ऐकविता आली असती.